जागा घेण्याआधी नकाशा पाहा

शेतकरी बैल घेतो तेव्हा काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. औताला जुंपून चार तास फिरवून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी पाहिल्यावाचून कमरेचा कसा सोडत नाही. घरची बाई मडके घेते तेव्हा तेही वाजवून घेते. मग हेच शहाणे लोक शहराच्या कडेला प्लॉट घ्यायला जातात तेव्हा काय होते? तेथे रंगीत पाटी असते. चुन्याने आखलेल्या रेघा असतात. एजंट चहा पाजतो आणि म्हणतो, "आज दीड लाख गुंठा आहे, दिवाळीनंतर तीन होईल." लगेच बयाणा दिला जातो. बैलाची परीक्षा होते, पण जन्मभराच्या कमाईच्या जागेची परीक्षा होत नाही.

जागेची परीक्षा कशी करायची? पुष्कळ लोक सांगतील, "सातबारा पाहा." ते बरोबर आहे. सातबारा पाहायलाच हवा. पण सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती आहे, तीत पीक कोणते आहे, तिच्यावर बोजा आहे की नाही, एवढे सांगतो. त्या जमिनीवर पुढे काय होणार आहे, घर बांधता येईल की नाही, हे सातबारा सांगत नाही. ते एका नकाशात लिहिलेले असते. तो नकाशा शहराच्या नगररचना विभागात असतो. हा विभाग जागेच्या मालकाला आणि घेणाराला कसा उपयोगी पडतो, ते या पाठात पाहू.

हे खाते कशासाठी निघाले

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे किड्यामुंगीसारखी मेली. दाटीवाटीची घरे, अंधाऱ्या खोल्या, हवा नाही, सांडपाण्याला वाट नाही, अशा वस्तीत रोग फार पसरला. तेव्हा सरकारला कळून चुकले की, शहर आपोआप वाढू दिले तर ते माणसांनाच खाते. १८९८ साली मुंबईत नव्या वस्त्या व रुंद रस्ते करण्यासाठी एक मंडळ नेमले गेले. १९१४ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचे खाते सुरू झाले. १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. आपल्या देशातला अशा तऱ्हेचा तो पहिलाच कायदा.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला. आज महाराष्ट्रातल्या शहरांची आखणी याच कायद्याने होते. महापालिका असो की नगरपालिका असो, तेथे नगररचनेचे किंवा बांधकाम परवानगीचे टेबल असते. लोकांना वाटते, हे टेबल फक्त बांधकामे पाडायच्या नोटिसा काढते. तसे नाही. हे टेबल आधी विचारणाऱ्याला वाचवते. नोटीस येते ती बहुधा न विचारणाऱ्याला.

विकास योजना म्हणजे काय

आपण घर बांधतो तेव्हा आधी मनात आखणी करतो. चूल कोठे, न्हाणी कोठे, गोठा कोठे, ते ठरवतो. न्हाणीचे पाणी चुलीकडे वळू नये म्हणून काळजी घेतो. शहराचीही अशीच आखणी असते. तिला विकास योजना म्हणतात. लोक तिला डी.पी. म्हणतात. पुढच्या वीस वर्षांत शहर किती वाढेल याचा अंदाज घेऊन ती तयार करतात. साधारण वीस वर्षांनी ती पुन्हा तपासतात.

या योजनेचा मोठा नकाशा असतो. त्यात वेगवेगळे रंग असतात. राहण्याच्या भागाला सहसा पिवळा रंग देतात. त्याला रहिवास विभाग म्हणतात. शेतीच्या भागाला हिरवा रंग देतात. त्याला शेती विभाग किंवा हरित विभाग म्हणतात. दुकानांचा भाग वेगळा, कारखान्यांचा वेगळा. नकाशाच्या कोपऱ्यात कोणता रंग कशाचा याची यादी असते. ती आधी वाचावी.

नकाशात आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पुढे होणारे किंवा रुंद होणारे रस्ते. आज जेथे ज्वारी डोलते तेथून उद्या साठ फुटी रस्ता जायचा असेल. दुसरी गोष्ट म्हणजे आरक्षण. शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, बाग, भाजी मंडई, स्मशानभूमी, यांसाठी जागा राखून ठेवतात. अशा राखून ठेवलेल्या जागेला आरक्षित जागा म्हणतात. ती जमीन अजून खाजगी मालकाचीच असते. सातबारावर त्याचेच नाव असते. जागेवर जाऊन पाहिले तर मोकळे रान दिसते. पण नकाशात तेथे मैदान लिहिलेले असते. फसगत होते ती येथेच.

आमच्याकडे गावचे लोक कागद वाचून घ्यायला येतात. मास्तर म्हणून आमचे ते जुने कामच आहे. एकदा एक गृहस्थ असेच आले. गिरणीत हमाली करून त्यांनी पैसा जमवला होता. मुलाला शहरात नोकरी लागली म्हणून तेथे दीड गुंठा जागा घेतली होती. कागद होता नोटरीपुढे केलेला. सातबाराची नक्कल खरी होती. मालकाचे नावही खरे होते. जागा मात्र नकाशात बागेसाठी राखलेली होती. विकणाऱ्याला ते ठाऊक होते, घेणाराला नव्हते. गृहस्थ आम्हांला म्हणाले, "मास्तर, बागेत माझे घर कसे हो होणार?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैसे देण्याआधी एक अर्ज केला असता तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. तो अर्ज कोणता ते आता सांगतो.

झोन दाखला आणि भाग नकाशा

नगररचना विभागाकडे दोन कागद मागावेत. पहिला कागद झोन दाखला. तुमचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर कोणत्या विभागात आहे, ते त्यात लिहून मिळते. दुसरा कागद भाग नकाशा. मोठ्या नकाशातला तुमच्या जागेपुरता तुकडा काढून देतात, त्याला भाग नकाशा म्हणतात. त्यात जागेभोवतीचे रस्ते आणि आरक्षणे दिसतात.

समजा, एक शेतकरी कचेरीत गेला आहे. त्याचे आणि टेबलावरच्या कारकुनाचे बोलणे असे होईल.

"राम राम साहेब. या गटात प्लॉट घ्यायचा म्हणतो. घर बांधता येईल ना?"

"राम राम काका. बसा. तोंडी कसे सांगू? उद्या तुम्ही म्हणाल, साहेब असे म्हणाले होते. अर्ज द्या, लेखी घ्या."

"अर्जाला काय काय लावू?"

"चालू तारखेचा सातबारा लावा. गटाचा नकाशा लावा. मोजणी झाली असेल तर मोजणीची नक्कल आणा. फी भरा आणि पावती जपून ठेवा."

"मालक तर म्हणतो, सगळे क्लिअर आहे."

"मग त्यांना सांगा, दाखला येईपर्यंत थांबू. क्लिअर असेल तर थांबायला त्यांची हरकत कशी असेल?"

कारकून शेवटी बोलला ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जो मालक दाखल्यापुरता आठवडा थांबू देत नाही, त्याच्याविषयी सावध राहावे.

दाखल्याची भाषा थोडी अवघड असते. त्यात असे लिहिलेले असेल: "सदर गट अंशतः रहिवास विभागात असून अंशतः १८ मीटर रुंद रस्त्याने बाधित आहे." याचा अर्थ काय? अंशतः म्हणजे काही भाग. बाधित म्हणजे रस्त्यात जाणारा. म्हणजे या गटाचा काही भाग राहण्यासाठी आहे आणि काही भागातून १८ मीटरचा, सुमारे ६० फुटांचा, रस्ता जाणार आहे. मग पुढचा प्रश्न विचारावा: मी घेतो आहे तो तुकडा कोणत्या भागात येतो? गट मोठा असतो, आपला तुकडा लहान असतो. दाखला साऱ्या गटाचा असतो. म्हणून भाग नकाशावर आपला तुकडा कोठे पडतो ते दाखवून घ्यावे.

आता पुष्कळ शहरांचे नकाशे मोबाईलवरही पाहता येतात. मुलाकडून जरूर पाहून घ्या. पण पैसे द्यायचे ते सहीशिक्क्याच्या दाखल्यावर. मोबाईलवरचे चित्र जुने असू शकते.

दोन गुंठ्यांचा हिशेब

जागा रहिवास विभागात आहे असे कळले, तरी सगळ्या जागेवर घर बांधता येत नाही. हिशेबाने समजून घेऊ.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. समजा, प्लॉट ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब आहे. समोरचा रस्ता आज २० फुटांचा आहे. नकाशात तो ४० फुटांचा दाखवला आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट जागा जाणार. आपला प्लॉट ६६ ऐवजी ५६ फूट लांब उरला.

आता घराभोवती मोकळी जागा सोडावी लागते. उजेड, वारा यावा, आगीचा बंब फिरावा, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागू नये म्हणून हा नियम आहे. कचेरीत याला सामासिक अंतर म्हणतात. समजा, पुढे १० फूट, मागे ५ फूट आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडायचे आहेत. मग लांबी उरली ४१ फूट आणि रुंदी उरली २३ फूट. म्हणजे जोत्याला ९४३ चौरस फूट जागा मिळाली. पैसे मोजले २,१७८ फुटांचे, घर बसले ९४३ फुटांत! ही मापे समजण्यासाठी घेतली आहेत. खरी मापे प्लॉटप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे बदलतात. पण हिशेबाची रीत हीच. ती कचेरीत विचारून मगच भाव ठरवावा.

आणखी एक शब्द कानावर येईल. तो म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. लोक त्याला एफ.एस.आय. म्हणतात. सगळ्या मजल्यांचे मिळून किती बांधकाम करता येईल, ते या आकड्याने ठरते. प्लॉट १,००० चौरस फुटांचा आणि निर्देशांक १ असेल, तर एकूण १,००० फूट बांधता येते. खाली ५०० आणि वर ५०० बांधा, तरी एकूण तेवढेच. निर्देशांक जास्त असेल तर बांधकाम जास्त.

पुराच्या रेषा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. हजारो संसार उघड्यावर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी घराघरांत शिरले. नदी आपली जागा विसरत नाही. पंधरा-वीस वर्षे कोरडी पडलेली जागाही ती एका रात्रीत परत मागते.

म्हणून नकाशात नदीच्या काठाने दोन रेषा काढतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोचते तेथे निळी रेषा असते. साधारण शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराचे पाणी जेथवर पोचते तेथे लाल रेषा असते. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर बांधता येते. जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे लागते.

नदीकाठचा प्लॉट स्वस्त मिळाला तर आनंद मानू नये. आधी विचारावे, तो कोणत्या रेषेच्या आत आहे? पाटबंधारे खाते या रेषा ठरवते. नगररचना विभागाच्या नकाशावर त्या पाहायला मिळतात.

घर बांधताना

जागा आपली आहे, पैसा आपला आहे, मग परवानगी कशाला? असे पुष्कळ जण म्हणतात. परवानगीचा फायदा आधी घर बांधणाऱ्यालाच होतो. बांधकाम नियमात बसते आहे की नाही, हे वीट रचण्याआधी कळते. नकाशावरची रेघ पुसणे सोपे आहे. स्लॅब पाडणे सोपे नाही.

परवानगीचा क्रम असा आहे. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट यांच्याकडून घराचा नकाशा काढून घ्यावा. मालकीचे कागद आणि मोजणीची नक्कल लावून अर्ज द्यावा. सगळे कागद पुरे असतील तर ६० दिवसांत होय की नाही ते कळले पाहिजे, असे कायदा सांगतो. नाही म्हणायचे असेल तर कारण लेखी द्यावे लागते. ते पटले नाही तर ४० दिवसांत सरकारकडे अपील करता येते. परवानगी मिळाली तर तिला मुदत असते. पहिली मुदत एक वर्षाची असते. म्हणून पैशाची जुळवाजुळव आधी करावी, मग अर्ज करावा.

२०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही थोडी ठिकाणे सोडून बाकी महाराष्ट्राला बांधकामाचे एकच नियम लागू झाले आहेत. त्यांत लहान प्लॉटवर घर बांधणाऱ्याचे काम सोपे केले आहे. आपल्या प्लॉटला ही सवलत आहे का, हे इंजिनिअरला अवश्य विचारावे.

जोते झाल्यावर ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे असे तपासून घेतात. त्याला जोते तपासणीचा दाखला म्हणतात. घर पुरे झाल्यावर राहायला जाण्याआधी भोगवटा दाखला घ्यावा. भोगवटा म्हणजे वापर. हे घर मंजूर नकाशाप्रमाणे बांधले आहे, यात राहायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. घर विकायचे असले, त्याच्यावर कर्ज काढायचे असले, तर हा दाखला मागतात. गवंड्याचा हिशेब भागवला की घर झाले असे समजू नये. भोगवटा दाखला हाती आला म्हणजे घर झाले.

बांधलेले घर किंवा फ्लॅट घेताना

बांधलेले घर घेणाराने तीन कागद मागावेत. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला. मग मंजूर नकाशा हातात धरून घरात फिरावे. नकाशात तीन मजले आणि उभे आहेत चार, तर चौथा मजला कोणाच्या परवानगीने बांधला? नकाशात खाली गाड्या ठेवायची जागा आणि तेथे दुकाने थाटलेली, तर हे कसे झाले? उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नये.

विकणारे कधी कधी घरपट्टीची पावती दाखवतात. म्हणतात, "हे पाहा, पालिका कर घेते. म्हणजे घर कायदेशीर." हे खोटे आहे. बेकायदा घरालाही कर बसतो. कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. विजेचे बिलही तसेच. ते वीज वापरल्याचे बिल आहे, घराचा परवाना नव्हे.

मोठा गट पाडून प्लॉट विकत असतील तर गटाचे रेखांकन मंजूर आहे का ते पाहावे. रेखांकन म्हणजे प्लॉट, रस्ते आणि मोकळी जागा दाखवणारा नकाशा. लोक त्याला लेआउट म्हणतात. त्याच्यावर सही, शिक्का आणि मंजुरीचा क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून घ्यावा आणि कचेरीत जाऊन खरा आहे की नाही ते विचारावे. "एन.ए. होणार आहे", "मंजुरीला टाकले आहे", अशा बोलण्यावर पैसे देऊ नयेत. होणार आहे म्हणजे अजून झालेले नाही. मोठ्या गृहप्रकल्पांची आणि मोठ्या प्लॉटिंगची नोंद १ मे २०१७ पासून महारेरा या सरकारी प्राधिकरणाकडेही करावी लागते. तो नोंदणी क्रमांकही मागावा.

जमीन नकाशात अडकली तर

आतापर्यंत घेणाराचे पाहिले. आता मालकाचे पाहू. समजा, आपल्याच वडिलोपार्जित जमिनीवर शाळेचे आरक्षण पडले. मग काय करायचे? पहिली गोष्ट, घाबरून कवडीमोलाने विकायची नाही. एजंट लोक अशीच भीती घालतात. कायद्याने मालकाला वाटा ठेवलेल्या आहेत.

पहिली वाट हरकतीची. योजना पक्की होण्याआधी तिचा कच्चा नकाशा लोकांना पाहायला ठेवतात. त्याची जाहिरात निघते. जाहिरातीत हरकत देण्याची शेवटची तारीख असते. त्या तारखेच्या आत लेखी हरकत द्यावी. हरकत देणाऱ्याला समितीपुढे बोलवून त्याचे म्हणणे ऐकतात. कच्चा नकाशा लागला असे कानावर आले की गावातल्या चार-पाच जणांनी मिळून जावे आणि आपापले गट नंबर शोधावेत. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत आली. अशी गावे शहरात येतात तेव्हा रानांवर नवे रंग चढतात. तेव्हा जागे राहावे. मुदत टळल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

दुसरी वाट मोबदल्याची. पालिका आरक्षित जागा घेते तेव्हा मोबदला द्यावा लागतो. तो पैशांत मिळतो किंवा बांधकामाच्या हक्काच्या रूपात मिळतो. या हक्काला टी.डी.आर. म्हणतात. तो मालकाला विकता येतो. कोणता मोबदला आपल्याला बरा, हे जाणत्या वकिलाला विचारून ठरवावे.

तिसरी वाट नोटिशीची. आरक्षण पक्के होऊन दहा वर्षे झाली आणि तरी जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस दिल्यावर कायद्याने ठरवलेल्या मुदतीत जागा घ्यायची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण सुटते. कायद्यात हे कलम १२७ आहे. नोटिशीला मालकीचे कागद जोडावे लागतात. म्हणून ती वकिलाकडून द्यावी.

हे खाते काय सांगत नाही

एका कचेरीत सगळे कळत नाही. झोन दाखला मिळाला म्हणजे विकणारा खरा मालक आहे असे सिद्ध होत नाही. भाऊबंदकीचा वाद, बहिणीचा हिस्सा, बँकेचे कर्ज, हे नगररचना विभाग तपासत नाही. त्यासाठी सातबारा आणि फेरफार पाहावेत. ते तलाठ्याकडे असतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात जावे. जुने खरेदी-विक्रीचे दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शोधावेत. तेथे दस्त नोंदला गेला म्हणजे घर बांधायची परवानगी मिळाली, असेही समजू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लहान तुकडे विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधने आहेत. त्यांत आणि बिनशेतीच्या नियमांत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदल झाले आहेत. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी केले तसे करू नये. आजचा नियम काय आहे, तो आज विचारावा.

आपली जमीन शहराच्या हद्दीबाहेर, खेड्यात असेल तर? तेथे प्रादेशिक योजना असू शकते. तिचाही नकाशा असतो. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नगररचना खात्याचे शाखा कार्यालय असते, तेथे जावे. काही मोठ्या शहरांभोवती वेगळे प्राधिकरण असते. पुण्याभोवतीच्या गावांसाठी ते २०१५ साली स्थापन झाले. आपले गाव कोणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीत कळेल.

कचेरीत जायला भिऊ नये. दाखला मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा सेवांना मुदत घालून दिली आहे. कोणती सेवा किती दिवसांत, फी किती, याचा फलक कचेरीत लावलेला असला पाहिजे. आता आपल्याला वाचता येते. तो फलक आपणच वाचावा. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावे.

लक्षात ठेवा

१. बयाणा देण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या.
२. आपला तुकडा रस्त्यात, आरक्षणात किंवा पुराच्या रेषेत नाही ना, ते पाहा.
३. प्लॉट घेताना मंजूर रेखांकन पाहा. घर घेताना बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला पाहा.
४. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.
५. कच्ची योजना जाहीर झाली की आपला गट नंबर शोधा आणि हरकत मुदतीत द्या.
६. मालकी वेगळी तपासा. झोन दाखल्यावरून मालकी ठरत नाही.
७. प्रत्येक अर्जाची पोच आणि प्रत्येक पैशाची पावती जपून ठेवा.

प्रश्न

१. सातबारा आणि झोन दाखला यांत काय फरक आहे?
२. ४० फूट रुंद आणि ६० फूट लांब प्लॉटला पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडायचे आहेत. जोत्याला किती जागा उरेल?
३. निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?
४. तुमच्या गावाचा नकाशा कोणत्या कचेरीत आहे? येत्या बाजाराच्या दिवशी जाऊन विचारून या आणि वर्गात सांगा.